अर्ध्या शेपटीचा मासा

मराठी विभागासाठी लिही, असं सरांनी सांगितलं तेव्हा मी स्पष्टच म्हटलं, "सर, माझी शाळा कॉन्व्हेंट. मराठी आम्हाला थर्ड लँग्वेज. वेलांटी पहिली की दुसरी, हे मी अजून मोबाईलवर सोडते." सर म्हणाले, "तू अनुभव लिही, वेलांट्या मी बघतो." तेव्हा मंडळी, शुद्धलेखनाच्या चुका सरांच्या खात्यावर. बाकीच्या माझ्या, आणि त्यांच्याबद्दलच हा लेख आहे.

अनुभव माझ्या डाव्या हातावर आहे. मनगट आणि कोपराच्या मधोमध, आतल्या बाजूला, नऊ सेंटीमीटर लांबीचा एक कोई मासा. (कोई म्हणजे ते रंगीत जपानी कार्प, मोठ्या हॉटेलांच्या तळ्यात फिरत असतात ते.) डोकं, खवले, मिशा सगळं व्यवस्थित. शेपटी मात्र अर्धीच. उरलेल्या जागी गुळगुळीत, गुलाबीसर कातडी. "डिझाईनच तसं आहे का गं?" असं विचारणाऱ्यांना मी वर्षभर "हो, मॉडर्न आर्ट" म्हणून कटवलं. खरं म्हणजे शेपटी पूर्ण होती. ती मी सहा दिवसांत घालवली.

हे आता लिहायचं कारण एवढंच की या टर्ममध्ये आमच्या हॉस्टेलच्या चार मुलींनी बाथरूमच्या रांगेत मला विचारलं, "दुखतं का गं?" चौघींपैकी एकीनेही विचारलं नाही की नंतर काय करायचं असतं. मीही विचारलं नव्हतं.

आधी टॅटू म्हणजे काय ते बघू. मला वाटायचं ते कातडीवर काढलेलं चित्र असतं. चूक. ते कातडीच्या आत असतं. त्वचेचा सगळ्यात वरचा थर सतत झडतो आणि साधारण महिन्याभरात नवा होतो. रंग तिथे भरला तर महिन्याभरात चित्र अंघोळीच्या पाण्याबरोबर गटारात. म्हणून सुई त्याच्या खालच्या थरात जावी लागते, पृष्ठभागापासून एक ते दोन मिलिमीटर. वर राहिली तर रंग टिकत नाही. खोल गेली तर रंग खालच्या चरबीत पसरतो आणि ब्लॉटिंग पेपरवर शाई फुटावी तशी रेघ फुटते. म्हणजे टॉलरन्स एक मिलिमीटरचा, आणि जॉब कसला, तर जिवंत, हलणारा, घाम येणारा! आम्हाला मशीन शॉपमध्ये माईल्ड स्टीलवर जमत नाही.

रंग आत गेला की शरीराला वाटतं, कुणीतरी घुसलं. मॅक्रोफेज नावाच्या पेशी धावत येतात आणि रंगाचे कण गिळून टाकतात. पण ते कण त्यांना पचत नाहीत, मोठे असल्यामुळे उचलून नेताही येत नाहीत. म्हणून त्या पेशी कण पोटात घेऊन तिथेच बसून राहतात. आपण ज्याला टॅटू म्हणतो ते म्हणजे या पोट बिघडलेल्या पेशी. मग पेशी मेल्यावर काय? 2018 साली फ्रान्समधल्या मार्सेयच्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की जुनी पेशी मरते, कण बाहेर पडतात आणि शेजारची नवी पेशी ते पुन्हा गिळते. थोडक्यात, पास आऊट झालेल्या सीनियरची जर्नल ज्युनियरकडे येते तसं. लेसरने टॅटू काढतात तेव्हा याच कणांचा चुरा करतात, म्हणजे पेशींना तो वाहून नेता यावा. काळा रंग त्यातल्या त्यात लवकर जातो. हिरवा आणि पिवळा फार छळतात. एका बैठकीत काही होत नाही, अनेक लागतात.

मशीनबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही (मेकॅनिकल!). एडिसनने 1876 मध्ये एका विजेच्या पेनचं पेटंट घेतलं होतं. कागदाला बारीक भोकं पाडून स्टेन्सिल करायची आणि तिच्यावरून कॉप्या काढायच्या, म्हणजे झेरॉक्सचे पणजोबा. न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओ'रायली नावाच्या गोंदणाऱ्याने त्याच कल्पनेवरून 1891 मध्ये टॅटूच्या मशीनचं पेटंट काढलं. पुढे जे कॉईलचं मशीन आलं त्यात नवीन काही नाही, शाळेच्या पुस्तकातली विद्युत घंटाच ती. कॉईलमध्ये करंट गेला की लोखंडी पट्टी खाली ओढली जाते, पट्टी खाली आली की संपर्क तुटतो, करंट बंद, स्प्रिंग पट्टीला वर नेते, पुन्हा संपर्क. टोल्याच्या जागी सुई. सेकंदाला साधारण शंभर वेळा. तो भुंग्यासारखा आवाज त्याचाच. हल्ली मोटरवर चालणारी मशीनही सर्रास असतात, त्यांचा आवाज कमी.

आता माझा शनिवार. गेल्या वर्षीचा ऑगस्ट, पाऊस धो धो. सबमिशनला दहा दिवस होते आणि स्कॉलरशिपचे पैसे जमा झालेले. रूममेट म्हणाली, "आज नाही तर कधीच नाही." गावातल्या एका छोट्या स्टुडिओत गेलो. मोबाईलवरचा एक फोटो दाखवला. किती वेळ लागेल आणि किती पैसे, एवढेच दोन प्रश्न मी विचारले. त्याने हातमोजे घातले, सुईचं पाकीट माझ्यासमोर फोडलं, इथपर्यंत सगळं बरोबर. मग शेपटीची करडी छटा करायला काळा रंग पातळ करायचा होता, तेव्हा त्याने कोपऱ्यातल्या बेसिनच्या नळाचं पाणी घेतलं. मी बघत होते. मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही.

हे का वावगं ते नंतर वाचलं. 2011 च्या शेवटी न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावात नवीन टॅटू काढलेल्या लोकांच्या अंगावर पुरळ यायला लागलं. एकूण 19 जण. सगळ्यांना करडी छटा केलेली. कारण निघालं मायकोबॅक्टेरियम केलोनी नावाचा पाण्यात राहणारा जंतू, आणि करडा रंग तयारच डिस्टिल्ड पाणी घालून आलेला. लक्षात घ्या, डिस्टिल्ड. म्हणजे क्षार काढलेलं पाणी, जंतू मारलेलं नव्हे. डिस्टिल्ड पाण्याची ही कथा, तर आपल्या नळाची काय? म्हणून स्टुडिओत जाल तेव्हा भिंतीवरचे फोटो मग बघा, आधी रंग कशात आणि कशाने पातळ करतात ते बघा. पाणी निर्जंतुक केलेलं, सीलबंद असायला हवं. रंग छोट्या टोपणात ओतून घ्यायचा आणि उरलेला फेकायचा, बाटलीत परत नाही. सुई एकदाच वापरायची. जे पुन्हा वापरायचं ते ऑटोक्लेव्हमध्ये, 121 अंशांवर, 15 पीएसआय, किमान 15 मिनिटं. ऑटोक्लेव्ह म्हणजे आपला प्रेशर कुकरच, जरा शिकलेला. नुसतं "स्पिरिटने पुसलंय" असं कुणी म्हणालं तर उठून या. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही रक्तातून पसरतात, स्पिरिटच्या एका फडक्यावर ते सोडू नका. हिपॅटायटिस बी ची लस मिळते, तीन डोस, सहा महिन्यांत. लहानपणी घेतली का ते घरी विचारा. (कशाला विचारतेस, याचं उत्तर आधी तयार ठेवा.) आणि ज्यांच्या खोलीत ऑनलाईन मागवलेलं मशीन आहे आणि "फुकट करून देतो" म्हणतात अशा सीनियर्सपासून चार हात लांब.

काम संपल्यावर त्याने हातावर पातळ प्लॅस्टिक गुंडाळलं आणि सांगितलं, तीन-चार तासांनी काढ, साबणाने धू. मी ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठेवलं, कारण प्लॅस्टिकखाली मासा फार चकचकीत दिसत होता आणि दोन्ही मजल्यांना दाखवायचा होता. प्लॅस्टिकखाली घाम, रक्त, पाझरलेला द्रव, वर पावसाळी उकाडा. जंतूंना याहून चांगली मेस मिळाली नसती.

खरं काय करायचं असतं? स्वच्छ हातांनी (हे आधी!) प्लॅस्टिक काढायचं, कोमट पाण्याने, वास नसलेल्या सौम्य साबणाने, बोटांनीच हलक्या हाताने धुवायचं. पंचाने घासायचं नाही. टिश्यू पेपरने टिपून कोरडं करायचं. मग स्टुडिओने सांगितलेलं मलम अगदी पातळ, म्हणजे चमक दिसेल इतकंच. जाड थर लावला तर जखमेला हवा नाही. हे दिवसातून दोन-तीनदा. हॉस्टेलच्या टाकीच्या पाण्याबद्दल मी काही बोलत नाही, रेक्टर मॅडम हा अंक वाचतात. उकळून गार केलेलं पाणी वापरा, इलेक्ट्रिक किटली प्रत्येक विंगमध्ये एक तरी लपवलेली असतेच.

चौथ्या-पाचव्या दिवशी उन्हाने सोलवटल्यासारखे पापुद्रे निघतात आणि खाज सुटते. ती खाज म्हणजे काय सांगू! खाजवायचं नाही, पापुद्रा ओढायचा नाही, तो स्वतः पडेल. ओढला की खालचा रंग बरोबर येतो. फारच झालं तर तळव्याने हलकं थोपटा. दोन ते चार आठवडे पोहणं बंद, ऊन बंद, घट्ट बाही बंद. शॉवरखाली पटकन अंघोळ चालते, भिजत बसणं नाही. वरून दोन-तीन आठवड्यांत बरं दिसतं, आतून पूर्ण बरं व्हायला दोन-तीन महिने. रोज धुतलेली सुती चादर. आणि दुसरीचा टॉवेल वापरायची आपली जी राष्ट्रीय सवय आहे ती तेवढी महिनाभर सोडा.

यातलं मी काय केलं? सोमवारी मशीन शॉप होतं. न गेले तर डिफॉल्टर लिस्ट. गेले. अर्ध्या बाहीचा एप्रन, लेथवर कूलंट उडतंय, ते कूलंट किती महिन्यांचं ते लेथलाच माहीत. हात पुसायला कॉटन वेस्ट. मंगळवार-बुधवार रात्री जर्नल लिहीत ताज्या जखमेवर हात टेकवून बसले, कारण शीट डाव्या हाताने धरावी लागते. गुरुवारी हात लाल झाला, आग व्हायला लागली. रूममेटने कपाटातून एक ट्यूब काढली, "माझ्या भावाने गजकर्णाला वापरली होती, दोन दिवसांत गायब." लावली. खरंच, शुक्रवारी सकाळी लाली कमी दिसली! रात्री एकशे दोन ताप, शेपटीतून पू, आणि कोपराकडे एक लाल रेघ चढत चाललेली.

ती लाल रेघ लक्षात ठेवा. पहिले दोन-तीन दिवस थोडी सूज, थोडी लाली, थोडा पाझर हे ठीक असतं. तिसऱ्या दिवसानंतर लाली कमी व्हायच्या ऐवजी वाढली, पू आला, ताप आला, रेघ चढली, तर मैत्रिणीला नाही, डॉक्टरांना दाखवायचं, त्याच दिवशी.

स्किनच्या डॉक्टरांनी आधी हात बघितला, मग ट्यूब बघितली. तिच्यात स्टिरॉईड होतं. स्टिरॉईड शरीराची लढाई थांबवतं. लाली म्हणजे ती लढाई. मी सैन्यालाच झोपवलं होतं आणि शांतता झाली म्हणून खूश होते. मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या अशा मिक्स ट्यूब आपल्याकडे घरोघरी असतात. हळद, टाल्कम पावडर, टूथपेस्ट, न पातळ केलेलं डेटॉल हेही नाही. पू तपासायला पाठवला, सात दिवसांच्या गोळ्या, रोज ड्रेसिंग. खपली धरली, खपली पडली, आणि तिच्याबरोबर अर्धी शेपटी.

युनिट टेस्ट बुडाली. आणि मम्मी आली, एसटीने, सहा तास, पावसात. तिला टॅटूचं माहीतच नव्हतं. ड्रेसिंग उघडलं तेव्हा ती एक शब्द बोलली नाही. मी तयार केलेलं सगळं भाषण वाया गेलं. तिने फक्त बॅग भरली आणि मला आजीकडे घेऊन गेली.

आजीकडे आठ दिवस नुसती पडून होते. तिथे मी पहिल्यांदा वाचलं, की माझ्या हातावर नेमकं काय आहे. (हे चित्र काढायच्या आधी करायचं असतं, कबूल.)

कोईची गोष्ट मूळची चीनची. पीत नदीत कार्प प्रवाहाविरुद्ध पोहत जातात, ड्रॅगन दरवाजा नावाचा धबधबा जो चढून जातो तो ड्रॅगन होतो. जपानमध्ये ही गोष्ट आली आणि गोंदणाऱ्यांनी उचलली. तिथे गोंदणाला इरेझुमी म्हणतात, म्हणजे शाई आत घालणं, किंवा होरिमोनो, कोरलेली वस्तू. गोंदणारा तो होरीशी, कोरणारा. मशीन यायच्या आधीपासूनची पद्धत म्हणजे तेबोरी, हाताने कोरणं. बांबूच्या किंवा धातूच्या दांडीच्या टोकाला सुयांचा झुपका बांधलेला. डाव्या हाताने कातडी ताणायची, त्याच हाताच्या अंगठ्यावर दांडी टेकवायची आणि उजव्या हाताने लयीत ढकलत राहायचं. आजही काही जण रेघा मशीनने काढून छटा हाताने भरतात, योकोहामाचे प्रसिद्ध होरियोशी तिसरे हे त्यातलेच.

हा "कोरणं" शब्द लाकडी ठशांवरून छापल्या जाणाऱ्या चित्रांच्या दुनियेतला. 1827 च्या सुमाराला कुनियोशी नावाच्या चित्रकाराने एका चिनी कादंबरीतल्या बंडखोर वीरांची चित्रमालिका सुरू केली आणि त्यांच्या अंगभर ड्रॅगन, फुलं, लाटा गोंदलेल्या दाखवल्या. एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, लोक वेडे झाले. अंगावर तसंच पाहिजे! त्यात आघाडीवर आग विझवणारे. शहर सगळं लाकडाचं, आग रोजची, आणि ड्रॅगन हा पाण्यातला प्राणी. पाठीवर पाणी घेऊनच आगीत शिरायचं.

पण त्याच देशात गोंदण ही शिक्षाही होती. 1720 पासून चोरांच्या हातावर पट्टे गोंदत, कुठे कुठे कपाळावर खूण. ती शिक्षा 1870 मध्ये बंद झाली, आणि दोनच वर्षांनी, 1872 मध्ये, सरकारने गोंदण्यावरच बंदी घातली. पाश्चात्त्य देश आपल्याला रानटी समजतील म्हणून! आणि गंमत बघा, ते पाश्चात्त्य तिथे जाऊन हौसेने गोंदून घेत होते. 1881 मध्ये इंग्लंडच्या एका राजपुत्राने जपानात हातावर ड्रॅगन काढून घेतला. तो पुढे पंचम जॉर्ज झाला, आणि त्याच्या 1911 च्या भेटीची आठवण म्हणून आपलं गेटवे ऑफ इंडिया बांधलं. पुढच्या ट्रिपला गेटवेसमोर फोटो काढाल तेव्हा कोटाच्या बाहीखालचा ड्रॅगन आठवा.

बंदी 1948 मध्ये उठली, पण तोवर चोरून गोंदणं याकुझांच्या, म्हणजे तिथल्या गुंडांच्या, नावाला चिकटलं होतं. ते अजून सुटलं नाही. 2015 मध्ये तिथल्या पर्यटन खात्याने गरम पाण्याच्या स्नानगृहांची पाहणी केली, तर साधारण 56 टक्के ठिकाणी टॅटूवाल्यांना प्रवेश नव्हता. गोंदायला डॉक्टरकीचा परवाना लागत नाही, हे तिथल्या सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये मान्य केलं, तेही ओसाकाच्या एका गोंदणाऱ्याने खटला लढवल्यावर.

मला मात्र सगळ्यात जास्त लागलं ते त्यांचं ड्रॉइंग. आपण काय करतो? मोबाईलमधला फोटो घेतो आणि हातावर जिथे जागा दिसेल तिथे चिकटवतो. जपानी गोंदणारा आधी शरीर बघतो. पाठ हा एक कागद. पाठीपासून मांड्यांपर्यंत एक चित्र, तेच खांद्यावरून छातीवर येतं. मुख्य आकृतीमागे वारा, ढग, लाटा यांची काळी-करडी पार्श्वभूमी, तिची घनता हळूहळू उतरत जाते, त्या छटेला बोकाशी म्हणतात. चित्राची कड कुठे संपणार, सरळ की लाटेसारखी, हेही आधी ठरतं. छातीच्या मधोमध एक पट्टा कोरा ठेवण्याचीही रीत आहे, म्हणजे वरचा झगा जरा उघडा राहिला तरी काही दिसत नाही! ऋतूंचंही व्याकरण आहे. साकुरा वसंतातला, शेवंती शरदातली, त्या एका चित्रात येऊ नयेत. सिंहाबरोबर पिओनीचं फूल. कोईबरोबर पाणी हवंच, आणि शरद दाखवायचा तर मेपलची पानं. अंगभर चित्र पूर्ण व्हायला वर्षं जातात, आठवड्याला एक-दोन तास बसत. आमचं ऑटोकॅड असतं तसंच, आधी लेआऊट, मग डिटेल.

आता माझा मासा. पाणी नाही. पार्श्वभूमी नाही. एका बाजूला साकुरा, दुसऱ्या बाजूला शेवंती. जपानी माणसाला ते मराठीत "मी गेली होतो" असं वाचल्यासारखं वाटत असणार.

हे सगळं मी आजीला वाचून दाखवत होते. आजीच्या हातावर तुळशीवृंदावन आहे, कपाळावर टिकली, हनुवटीवर तीन ठिपके. सगळं आता निळसर हिरवं. लहानपणी मला वाटायचं हिरव्या रंगाने काढलंय. नाही, काजळीच. जपानची पारंपरिक शाईही काजळीचीच आणि तीही कातडीखाली निळसर दिसते. कारण फिजिक्सचं आहे. लाल प्रकाश त्वचेत खोल जातो आणि खालच्या काळ्या रंगात शोषला जातो. निळा वरच्या वर विखुरतो आणि डोळ्यांकडे परत येतो. शिरा निळ्या दिसतात त्यातही हाच खेळ. आजीला फिजिक्स आवडलं नाही. ती म्हणाली, "मेल्यावर बाकी सगळं इथंच ऱ्हातं, गोंदण तेवढं संगं येतं."

मग तिने तिची गोष्ट सांगितली. सात-आठ वर्षांची असताना जत्रेत गोंदणारीण आली होती. दोन आत्यांनी धरून ठेवलं. हात असा सुजला की मूठ वळेना. "मग?" मी विचारलं. "मग काय? आठ दिवस भांड्याला हात लावू दिला नाही. शेणात नाही, पाण्यात नाही. आईनं जेवायला भरवलं." जरा वेळ ती माझ्या ड्रेसिंगकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुला कुणी बसवलं नाही का गं?"

मम्मी स्वयंपाकघरात होती. तिचा भांड्यांचा आवाज थांबला. त्यानंतर ती माझ्याशी बोलायला लागली.

दोन गोष्टी राहिल्या. जानेवारीत एनएसएसचं रक्तदान शिबिर होतं. मी दरवर्षी देते. फॉर्मवर टॅटूचा प्रश्न होता, खरं लिहिलं, परत पाठवलं. टॅटूनंतर 12 महिने रक्त देता येत नाही. त्याच दिवशी मेसमधल्या काकांच्या मुलीला रक्त लागलं होतं, माझाच ग्रुप. दुसरं कुणी मिळालं, पण मी खुर्चीवर नुसती बसून होते.

दुसरी गोष्ट रूममेटची (ट्यूबवाली!). ती एसएसबीची तयारी करते. तिला उजव्या दंडावर ड्रॅगन हवा होता. आर्मीच्या जाहिरातीत टॅटूचा नियम स्वच्छ लिहिलेला असतो. कायमचा टॅटू चालतो तो फक्त हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि पंजाच्या मागच्या बाजूला. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रीतीप्रमाणे सवलत आहे. दंड बसत नाही. मी ती ओळ पेनने खूण करून तिच्या उशीवर ठेवली. ती दोन दिवस चिडून होती, मग म्हणाली, "निवड झाली तरी नाही, न झाली तर दुसऱ्या दिवशी." बघू.

माझा मासा यंदा दुरुस्त होणार आहे. दुसऱ्या एका स्टुडिओत दाखवून आले. तिथल्या ताईने हात उजेडात धरला, डागावरून अंगठा फिरवला, आणि पहिला प्रश्न विचारला, "मासा वर चाललाय की खाली?" मला सांगता येईना. ती म्हणाली, शेपटी पुन्हा काढायची नाही, तिथे लाट आणू, डाग लाटेत जाईल. शेवंतीवरही पाणी घेऊ. तारीख दिवाळीच्या सुट्टीतल्या पहिल्या शनिवारची घेतली आहे. त्यापुढे तीन आठवडे मशीन शॉप नाही, जर्नल नाही. स्टुडिओतून थेट आजीकडे जायचंय, मम्मी न्यायला येणार आहे. भांड्याला हात लावायचा नाही, हे आत्ताच ठरलंय.

तृतीय वर्ष, मेकॅनिकल